हिपॅटायटिस ‘सी’ : उपचारानंतरचे यकृत

१. डोळा आणि यकृत

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकीर्दीत विद्येच्या अनेक शाखांना आश्रय दिला. त्यांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांस ठाऊक आहे. धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकीय संस्था मात्र तितकी परिचित नाही. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे जाणकार काम करीत; औषधे तयार होत; आणि अनुभवास उतरलेले योग पुढे तमिळ पद्यांत ग्रथित करण्यात आले. सरफोजी राजांना नेत्रचिकित्सेची विशेष आवड होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदींची पाने सरस्वती महालात सापडली असून त्यांत रोगी डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत.

रोग्याची उपचारापूर्वीची अवस्था लिहून ठेवावी, हा वैद्यकातील एक मूलभूत नियम होय. पूर्वी काय होते हे ठाऊक नसेल, तर नंतर काय बदलले हे सांगता येत नाही. तथापि, डोळ्याच्या बाबतीत रोगी स्वतःच साक्षीदार असतो. दिसू लागले की नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. यकृताचे तसे नाही. यकृत बिघडत असताना बहुधा दुखत नाही, आणि सुधारत असतानाही काही सांगत नाही. म्हणूनच यकृताच्या रोगात नोंदीचे महत्त्व डोळ्याच्या रोगापेक्षाही अधिक आहे.

हिपॅटायटिस ‘सी’ या रोगावर आज अत्यंत परिणामकारक औषधे मिळतात. तीन महिने गोळ्या घेतल्यावर ‘विषाणू गेला’ असा अहवाल हाती येतो आणि रोगी आनंदाने घरी जातो. त्या आनंदात एक प्रश्न मागे राहतो : विषाणू गेला म्हणजे यकृत बरे झाले काय? या प्रश्नाचे उत्तर काहींच्या बाबतीत ‘होय’ असे आहे आणि काहींच्या बाबतीत ‘अद्याप नाही’ असे आहे. आपण कोणत्या गटात आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या जिवाला धोका संभवतो.

२. मौन बाळगणारा अवयव

यकृत हा शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव असून प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. आतड्यात शोषला गेलेला अन्नरस रक्तावाटे प्रथम यकृतात येतो. तेथे साखर साठविली जाते, विषारी द्रव्ये निकामी केली जातात, पित्त तयार होते, आणि रक्त गोठण्यास लागणारी अनेक प्रथिनेही बनविली जातात. या अवयवाची राखीव शक्ती विलक्षण आहे. निरोगी यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला, तरी उरलेला भाग वाढून मूळ आकारमान भरून काढतो. परंतु हेच सामर्थ्य हानी लपवूनही ठेवते. बराचसा भाग निकामी होईपर्यंत माणूस कामधंदा करीत असतो आणि त्याला कसलीच शंका येत नाही.

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. १९७० नंतरच्या दशकात ‘ए’ आणि ‘बी’ या दोन विषाणूंच्या परीक्षा उपलब्ध झाल्या, तेव्हा असे दिसून आले की, रक्त घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या पुष्कळ रोग्यांत या दोहोंपैकी एकही विषाणू नसतो. त्या अज्ञात रोगाला बरीच वर्षे ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेच नकारात्मक नाव होते. १९८९ साली त्याचा विषाणू ओळखला गेला आणि त्याला ‘सी’ हे अक्षर मिळाले. या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा विषाणू रक्तावाटे पसरतो. एकच सुई अनेकांना वापरणे, न तपासलेले रक्त देणे, उपकरणांचे निर्जंतुकीकरण नीट न करणे, गोंदण्याच्या सुया आणि वस्तरे अनेकांत वापरणे हे त्याचे मार्ग होत. एका ताटात जेवल्याने, पाण्याने, शिंकेने अथवा स्पर्शाने तो पसरत नाही. ज्यांना संसर्ग होतो, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्या सुमारे ७० टक्क्यांत तो ठाण मांडून बसतो. अशा चिरकारी रोग्यांपैकी १५ ते ३० टक्क्यांचे यकृत वीस वर्षांच्या अवधीत आकसून गाठाळ बनते. या अवस्थेस यकृत्-सूत्रण अथवा सिऱ्होसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा चिरकारी संसर्ग होता आणि त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात होते.

३. विषाणू खरोखर जातो काय?

‘सी’ विषाणूचे बीजद्रव्य आरएनए या स्वरूपाचे असते. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो आपल्या बीजद्रव्याच्या नकलांमागून नकला काढतो. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या शरीरात दररोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणुकण तयार होतात. परंतु रक्तातील त्या कणांचे आयुष्य काही तासांचेच असते. म्हणजे हा संसर्ग एखाद्या गळक्या हौदासारखा आहे : वरून पाण्याची धार अखंड चालू आहे म्हणूनच तो भरलेला दिसतो. धार बंद केली की हौद आपोआप रिकामा होतो.

नव्या औषधांनी नेमके हेच साधले आहे. सोफोस्बुविर हे औषध विषाणूच्या नक्कल करणाऱ्या एंझाइमाला खोटा घटक पुरविते. मणी ओवताना पुढे छिद्रच नसलेला मणी हाती यावा आणि माळ तेथेच खुंटावी, तशी नव्या आरएनएची साखळी मध्येच थांबते. डॅक्लाटास्विर आणि वेल्पाटास्विर ही औषधे विषाणूच्या दुसऱ्या एका प्रथिनाला निकामी करतात. १९९१ पासून वापरात आलेल्या इंटरफेरॉनच्या टोचण्या सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागत. ताप, पांडुता आणि खिन्नता यांनी रोगी जर्जर होत. आणि पुढे त्यांत रिबाव्हिरिनची जोड मिळाली तरी सुमारे निम्मेच रोगी बरे होत. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुविर मान्य झाले आणि हे चित्र पालटले. आता बहुतेकांना १२ आठवडे, व काही अवघड रोग्यांना २४ आठवडे, केवळ गोळ्या घ्याव्या लागतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रोगी विषाणुमुक्त होतात. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये या रोगाची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य देण्यात येतात.

गोळ्या संपल्यानंतर १२ आठवडे थांबून रक्तात विषाणूचा आरएनए शोधतात. तो न आढळल्यास रोगी बरा झाला असे मानतात. हा केवळ सोयीचा संकेत नाही. अशा शंभरांपैकी नव्व्याण्णव अथवा त्याहून अधिक लोकांत तो विषाणू पुढे कधीही परत येत नाही, असे दीर्घ निरीक्षणांनी दाखविले आहे. याचे कारण विषाणूच्या स्वभावात आहे. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू पेशीच्या केंद्रकात आपली मूळ प्रत दडवून ठेवतो, एचआयव्ही तर पेशीच्या जनुकद्रव्यातच मिसळून जातो. ‘सी’ विषाणू केंद्रकाबाहेरच राहतो. नकला थांबल्या की त्याला दडून बसण्यास जागा उरत नाही.

४. दोन गैरसमज

बरे झालेल्या पुष्कळ लोकांना पुढे एका निराळ्याच चिंतेने ग्रासलेले आढळते. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नोकरीच्या वेळी रक्त तपासले असता ‘सी’ची परीक्षा पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ येते आणि घरात हलकल्लोळ माजतो. ही परीक्षा बहुधा प्रतिपिंडांची असते. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध उभे केलेले पहारेकरी. चोर निघून गेला तरी पहारा पुढे वर्षानुवर्षे, पुष्कळदा आयुष्यभर, चालू राहतो. प्रतिपिंडे आढळली याचा अर्थ विषाणू कधीतरी आला होता एवढाच. तो आज आहे की नाही, हे आरएनएची परीक्षाच सांगू शकते. म्हणून बरे झालेल्या माणसाने आरएनए नसल्याचा अहवाल जपून ठेवावा आणि प्रतिपिंडांची परीक्षा पुन्हा पुन्हा करू नये. रक्तदान मात्र अशा व्यक्तीने करू नये.

दुसरी शंका ‘सुप्त’ संसर्गाविषयीची आहे. रक्तद्रवात आरएनए नसूनही यकृताच्या पेशींत तो सापडल्याचे २००४ साली स्पेनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर यावर पुष्कळ चर्चा झाली. अशा वेळी सापडणारे आरएनए अत्यल्प असते, शोधण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत, आणि त्यामुळे बऱ्या झालेल्या रोग्यास पुढे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून त्यासाठी यकृताचा तुकडा काढून तपासण्याचे अथवा पुन्हा औषध घेण्याचे कारण नाही. विषाणू गेल्यानंतरही यकृताची एंझाइमे रक्तात वाढलेली राहिली, तर सुप्त विषाणूपेक्षा साध्या कारणांचा शोध आधी घ्यावा. यकृतात साठलेली चरबी, मद्य, दुसरी एखादी औषधे, हिपॅटायटिस ‘बी’, किंवा नव्याने झालेला संसर्ग ही ती कारणे होत.

५. भुईआवळीचा धडा

कावेरीच्या खोऱ्यात कावीळ झाली की कीळानेल्ली ही वनस्पती वाटून देण्याची जुनी चाल आहे. पानांच्या खालच्या बाजूस बारीक आवळ्यांसारखी फळे धरणारी ही वनस्पती मराठीत भुईआवळी म्हणून ओळखली जाते. काविळीचे तमिळ नाव कामालै हे आपल्या वैद्यकातील कामला या शब्दाचेच रूप आहे. म्हणजे रोगाचे नाव आणि औषध दोन्ही तंजावरी मराठी कुटुंबांस सहज परिचयाची आहेत.

या उपायाचा लौकिक कसा झाला हे समजणे कठीण नाही. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ व ‘ई’ प्रकारांची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जे औषध घेतले असेल त्याला यश मिळते. परंतु ‘सी’ प्रकारात बहुधा कावीळ दिसतच नाही. ती दिसते तेव्हा पुष्कळदा यकृत शेवटच्या अवस्थेस पोहोचलेले असते. ‘डोळे पिवळे नाहीत, म्हणून यकृत ठीक आहे’ हा समज म्हणूनच घातक ठरतो.

भुईआवळीची शास्त्रीय परीक्षाही झालेली आहे. मद्रास येथील संशोधकांनी, हिपॅटायटिस ‘बी’च्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले बरूच ब्लुम्बर्ग यांच्या सहकार्याने, १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘बी’ विषाणू बाळगणाऱ्यांपैकी ३७ जणांना तीस दिवस ही वनस्पती देण्यात आली. त्यांतील २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रथिन नाहीसे झाले. निरुपयोगी पूड दिलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच बाबतीत तसे घडले. या वार्तेने मोठी आशा उत्पन्न झाली; परंतु पुढे अन्यत्र केलेल्या प्रयोगांत तसा गुण आढळला नाही. यातील धडा वनस्पतीच्या निंदेचा नाही. उपाय देशी असो वा विदेशी, त्याची पारख रोग्यास वाटणाऱ्या बरेपणावरून न करता रक्तातील विषाणूवरून, आणि तीही वारंवार, करावी लागते. ‘सी’ विषाणू घालविणारी वनस्पती अद्याप सिद्ध झालेली नाही. उलट काही वनस्पतिजन्य औषधांनी यकृतास इजाही होते. म्हणून ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्याने वैद्यास विचारल्याखेरीज अशी औषधे घेऊ नयेत.

६. विषाणू जातो, व्रण राहतो

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. यकृतात ताराकार पेशी नावाच्या पेशी असतात. एरव्ही त्या ‘अ’ जीवनसत्त्व साठविण्याचे काम करतात. पण दाह चालू राहिला की त्यांचे रूप पालटते आणि त्या कोलॅजेनचे चिवट धागे विणू लागतात. जखमेवर खपली धरून वण उरावा, तशी ही क्रिया असते. परंतु जखम वीस वर्षे चालू राहिली, तर धाग्यांच्या पट्ट्या एकमेकींस मिळतात, मऊ यकृताच्या गाठी बनतात, आणि त्यातून रक्त वाहण्यास अडथळा होतो. मग प्लीहा वाढते, रक्तातील प्लेटलेट कमी होतात, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि पोटात पाणी साचते. या तंतुभवनाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या आहेत. चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस.

विषाणू गेल्यावर दाह शमतो आणि पुष्कळांचे धागे काही वर्षांत हळूहळू विरघळू लागतात. प्रारंभीच्या पायऱ्यांवर असलेले यकृत बहुधा पूर्ववत होते. ज्यांना सिऱ्होसिस झालेला आहे, त्यांच्यातही सुधारणा होते. परंतु ती सर्वांत होत नाही आणि पुष्कळदा अपुरी राहते. यकृताच्या कर्करोगाचा धोका उपचाराने सुमारे दोन-तृतीयांशाने घटतो, पण नाहीसा होत नाही. सिऱ्होसिस असलेल्या शंभर विषाणुमुक्त लोकांत दर वर्षी सुमारे एका-दोघांस हा कर्करोग उद्भवतो. वर्षानुवर्षांच्या दाहात पेशींच्या जनुकांत झालेले फेरफार विषाणूबरोबर निघून जात नाहीत, हे त्याचे एक कारण होय.

यासाठी तिसऱ्या व चौथ्या पायरीवरील रोग्यांनी बरे झाल्यानंतरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. गाठ लहान असतानाच सापडली, तर ती कापून काढता येते, उष्णतेने जाळता येते, अथवा यकृताचे रोपण करता येते. दुखू लागल्यावर सापडलेल्या गाठीवर बहुधा असा इलाज चालत नाही. पहिल्या-दुसऱ्या पायरीवरील रोग्यास यकृताचे दुसरे दुखणे नसेल, तर अशा दीर्घ पाळतीची गरज नसते.

पायरी ठरविण्याचा एक स्वस्त मार्ग साध्या रक्तपरीक्षेतून निघतो. रोग्याच्या वयास एएसटी या एंझाइमाच्या आकड्याने गुणावे. प्लेटलेटच्या संख्येस (हजारांत) एएलटी या एंझाइमाच्या आकड्याच्या वर्गमुळाने गुणावे. आणि पहिल्या गुणाकारास दुसऱ्याने भागावे. वय ४०, एएसटी ३६, एएलटी ३६ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार असतील, तर उत्तर १ येते. वय ६०, एएसटी ८०, एएलटी ६४ आणि प्लेटलेट १ लाख असतील, तर उत्तर ६ येते. १.४५ च्या खाली बहुधा चिंतेचे कारण नसते, ३.२५ च्या वर यकृत बरेच घट्ट झाले असण्याचा संभव मोठा असतो. यकृताचा ताठरपणा मोजणारे यंत्रही आता अनेक रुग्णालयांत असते.

मात्र येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. ही गणिते उपचारापूर्वीच्या यकृतावर बसविलेली आहेत. उपचाराने दाह शमताच एंझाइमांचे आकडे उतरतात आणि यंत्रावरील ताठरपणाही झपाट्याने कमी दिसतो. धागे मात्र तितक्या लवकर विरघळलेले नसतात. म्हणून नंतरच्या चांगल्या आकड्यावर विसंबून पाळत सोडणे धोक्याचे आहे. सहामाही तपासणीची गरज कोणास आहे, याचा निर्णय उपचारापूर्वीच्या नोंदीवरूनच करावा लागतो. ती नोंद हरवली, तर नंतर केलेल्या परीक्षांनी तिची पूर्ण भरपाई होत नाही.

७. पुन्हा संसर्ग आणि इतर शत्रू

गोवर एकदा येऊन गेला की बहुधा पुन्हा येत नाही. ‘सी’चे तसे नाही. मागे राहिलेली प्रतिपिंडे संरक्षण देत नाहीत आणि या रोगावर लसही निघालेली नाही. त्यामुळे बरा झालेला माणूस पुन्हा त्याच मार्गाने संसर्गास बळी पडू शकतो. उपचार यशस्वी ठरल्यानंतर विषाणू पुन्हा आढळला, तर तो बहुधा जुना शिल्लक राहिलेला नसून नव्याने आलेला असतो. ज्यांना नियमित डायलिसिस घ्यावे लागते किंवा जे अमली द्रव्ये टोचून घेतात, त्यांच्या रक्ताची आरएनएसाठी वेळोवेळी तपासणी व्हावी. इतरांनी प्रत्येक टोचणीस नवी सुई आणि दाढीस नवे पाते यांविषयी आग्रह धरावा.

‘सी’बरोबर ‘बी’ विषाणूही असेल तर आणखी एक सावधगिरी लागते. ‘सी’ गेल्यावर दबून राहिलेला ‘बी’ उसळी घेऊ शकतो. अशा घटना आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तसा इशारा दिला. म्हणून उपचारापूर्वी ‘बी’ची तपासणी आवश्यक आहे. ज्यांना ‘बी’चा संसर्ग नाही व पूर्वी झालेला नाही, त्यांनी त्याची लस टोचून घ्यावी.

विषाणू गेलेल्या यकृतास उरलेले मोठे शत्रू दोन : मद्य आणि चरबी. घट्ट झालेल्या यकृतास मद्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही. मधुमेह व स्थूलता यांमुळे यकृतात चरबी साठते आणि दाह पुन्हा पेटतो; तेव्हा साखर आटोक्यात ठेवणे आणि नित्य चालणे हा औषधाचाच भाग समजावा. बुरशी लागलेले शेंगदाणे व धान्य टाकून द्यावे, कारण त्या बुरशीचे विष यकृतात कर्करोग उत्पन्न करू शकते.

८. तीन कागद

ज्या रोग्याने गोळ्यांचा क्रम पूर्ण केला आहे, त्याच्या घरी तीन कागद असावेत. पहिला, उपचारापूर्वी यकृत कोणत्या पायरीवर होते हे सांगणारा अहवाल. दुसरा, गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए नसल्याचा अहवाल. तिसरा, पहिल्या अहवालात तिसरी अथवा चौथी पायरी असेल तर, पुढील सोनोग्राफीची तारीख लिहिलेला कागद. वैद्य बदलला अथवा गाव बदलले, तरी हे कागद रोग्याबरोबर जावेत आणि त्यांची माहिती घरातील आणखी एका व्यक्तीस असावी.

हिपॅटायटिस ‘सी’ हा औषधाने समूळ घालविता येणारा विरळा चिरकारी विषाणुरोग होय. ज्यांचे यकृत वेळीच सावरले गेले, त्यांनी निःशंकपणे आपल्या उद्योगास लागावे. ज्यांच्या यकृतावर व्रण राहिले आहेत, त्यांनीही भिऊन राहण्याचे कारण नाही. दर सहा महिन्यांनी एक सकाळ तपासणीसाठी काढून ठेवली म्हणजे पुरे. प्रकृती उत्तम वाटत असली तरी ती सकाळ चुकवू नये, कारण यकृत आपण होऊन काही सांगत नाही.